गिरकी आधी, उडी नंतर

शनिवारच्या ग्रुप क्लासनंतर कोच तुम्हाला बाजूला घेते आणि म्हणते, "मुलीत चमक आहे, आता प्रायव्हेट लेसन सुरू करूया." अमेरिकेत आणि कॅनडात राहणाऱ्या मराठी घरांत स्पर्धात्मक फिगर स्केटिंग बहुधा याच वाक्याने शिरतं. तोवर तो आठवड्यातला एक तास असतो. भाड्याचे बूट, हेल्मेट आणि काचेपलीकडे कॉफीचा कप धरून कुडकुडणारे आई-बाबा. या वाक्यानंतर मात्र पहाटे साडेपाचचा सराव, महिन्याची बिलं आणि रविवारची मराठी शाळा बुडवायची की नाही यावरचे वाद सुरू होतात. तेव्हा लगेच हो म्हणू नका. आठ दिवस मागून घ्या आणि तेवढ्यात काही गोष्टी समजून घ्या. मुलगा असला तरी हे सगळं तसंच लागू आहे. मुलींची संख्या जास्त म्हणून मी "मुलगी" म्हणते आहे, इतकंच.

पहिली गोष्ट पैशाची. या खेळात एक फी नसते, फियांची माळ असते. कोच तिच्या वेळेचे पैसे घेते, बहुतेक वीस किंवा तीस मिनिटांच्या हिशेबाने. त्याच वेळेत वापरलेल्या बर्फाचे पैसे रिंक वेगळे घेते. पुढे क्लबची वर्गणी, टेस्टची फी, स्पर्धेची फी, संगीत कापून-जोडून घेण्याचा खर्च, कोरिओग्राफर आणि ड्रेस. परगावच्या स्पर्धेला कोच येते तेव्हा तिचा प्रवास आणि मुक्काम सोबतच्या मुलांच्या पालकांत वाटला जातो. नवख्या पालकांना यातली निम्मी बिलं येईपर्यंत ठाऊक नसतात. म्हणून कोचला सरळ विचारा: पुढच्या बारा महिन्यांचा अंदाज कागदावर लिहून द्याल का? चांगल्या कोचला या प्रश्नाचा राग येत नाही. सुरुवातीच्या वर्षांत लेसन वाढवण्यापेक्षा स्वतःच्या सरावाचा वेळ वाढवलेला बरा, असं माझं मत आहे. आठवड्याला दोन लेसन घेऊन मधे एकदाही सराव न करणारी मुलगी तेच दोन लेसन पुन्हा पुन्हा विकत घेत असते.

बूट ही दुसरी गोष्ट, आणि इथे आपला स्वभाव आडवा येतो. शाळेचे कपडे वाढत्या अंगाचे घ्यायची आपली जुनी सवय. स्केटचे बूट तसे घेतले की टाच आत हलते, घोटा लटपटतो आणि मुलीला वाटतं की आपल्यालाच जमत नाही. बूट पायात पातळ मोजा घालून बघायचा असतो. बोटं पुढे हलकेच टेकली पाहिजेत आणि गुडघा वाकवला तरी टाच जागची हलता कामा नये. ऑनलाइन घेऊ नका, माप घेऊन बसवून देणाऱ्या माणसाकडे जा, मग त्यासाठी दोन तास गाडी चालवावी लागली तरी चालेल. याच्या उलट चूकही होते. पुढे लागणारच आहेत म्हणून आधीच दुहेरी-तिहेरी उड्यांसाठीचे कडक बूट घेतले जातात. हलक्या मुलीला ते वाकवताच येत नाहीत, आणि घोटा-गुडघा वाकला नाही तर स्केटिंग होत नाही. आजच्या पातळीचे बूट घ्या. पाय वाढेल, बूट बदलतील, जुने विकले जातील; प्रत्येक क्लबात जुन्या बुटांची देवघेव चालते.

ब्लेडची काळजी मुलीनेच घ्यायची, हे पहिल्या दिवसापासून ठरवा. बर्फावरून उतरल्यावर फडक्याने पुसायचं, पिशवीत ठेवताना कापडी कव्हर घालायचं. प्लॅस्टिकचे गार्ड फक्त चालण्यापुरते. ते घालून पिशवीत ठेवलं की ओल कोंडते आणि गंज चढतो. धार साधारण वीस ते चाळीस तासांच्या सरावानंतर लावावी लागते, तीही फिगर स्केटची धार जाणणाऱ्याकडून. हॉकीच्या दुकानातला उत्साही मुलगा ब्लेडचे पुढचे दात घासून टाकू शकतो.

आता शिडी. अमेरिकेत 'लर्न टु स्केट यूएसए'च्या बेसिक १ ते ६ या पातळ्या झाल्या की मूल 'यूएस फिगर स्केटिंग'च्या टेस्टकडे वळतं: प्री-प्रिलिमिनरी, प्रिलिमिनरी, मग ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड आणि प्रत्येकाआधी एक 'प्री'. टेस्ट दोन वाटांनी चालतात. एक स्केटिंग स्किल्सची, म्हणजे कडा, वळणं, वेग, पावलं. दुसरी उड्या आणि गिरक्यांची. परीक्षक पास म्हणतात किंवा 'रीट्राय', म्हणजे पुन्हा या. नापास हा शब्दच नाही, आणि घरीही तो वापरू नये. स्पर्धांच्या पातळ्या वेगळ्या: प्री-जुवेनाइल, जुवेनाइल, इंटरमीजिएट, नॉव्हिस, ज्युनिअर, सीनिअर. कॅनडात सुरुवात 'कॅनस्केट'ने होते. आंतरराष्ट्रीय ज्युनिअर स्पर्धांसाठी १ जुलैपूर्वी वयाची १३ वर्षं पूर्ण लागतात, आणि सीनिअरसाठी २०२४-२५च्या मोसमापासून १७. पूर्वी ही मर्यादा १५ होती. २०२२च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये पंधरा वर्षांच्या कामिला वालिएवाचं उत्तेजक चाचणीचं प्रकरण उघडकीस आलं, आणि त्याच वर्षी जूनमध्ये आंतरराष्ट्रीय संघटनेने ही वयोमर्यादा टप्प्याटप्प्याने वाढवायचं ठरवलं.

या नियमाचा तुमच्याशी संबंध असा, की घाई करण्याचं एक मोठं कारण त्याने काढून घेतलं आहे. अकराव्या वर्षी तिहेरी उडी आली नाही तर सगळं संपलं, असं सांगणारं कुणी भेटलं तर त्यांना सतरा हा आकडा सांगा.

टेस्टच्या दोन वाटांपैकी घराघरांत चर्चा फक्त उड्यांची होते. "हिची अ‍ॅक्सेल आली का?" हा रिंकच्या बाकांवरचा लाडका प्रश्न. बाकीच्या पाच उड्या मागे जाताना घेतात, अ‍ॅक्सेल पुढे तोंड करून. त्यामुळे एकेरी अ‍ॅक्सेलमध्येही दीड फेरा होतो. ती यायला कुणाला काही महिने लागतात, कुणाला वर्षाहून जास्त, आणि त्यात काही बिघडत नाही. पालकाला उड्या मोजता येतात म्हणून तो उड्या मोजतो. त्यापेक्षा दुसरं काही बघायला शिका. ब्लेड साधारण चार मिलिमीटर रुंद असतं आणि मधे खोलगट, म्हणून त्याला आतली आणि बाहेरची अशा दोन कडा असतात. मुलगी एका पायावर घसरत गेल्यावर बर्फावर उमटलेली रेघ बघा. दोन समांतर रेघा दिसल्या तर ती सपाट ब्लेडवर होती, एकच स्वच्छ वळणदार रेघ दिसली तर कडेवर. आवाजही ऐका. खरखर, ओरखडल्यासारखा आवाज म्हणजे पुढचे दात घासताहेत. कापड फाडल्यासारखा खोल आवाज म्हणजे कड बसली. १९९०पर्यंत मोठ्या स्पर्धांत बर्फावर ठरावीक आकृत्या कोरून दाखवाव्या लागत आणि परीक्षक वाकून त्या रेघा तपासत. ते गेलं, पण रेघ खोटं बोलत नाही.

कडेकडे दुर्लक्ष झालं तर त्याची किंमत पुढे उडीतच मोजावी लागते. लुट्झ ही उडी मागे जाताना बाहेरच्या कडेवरून घ्यायची असते. घाईने शिकलेली मुलं शेवटच्या क्षणी आतल्या कडेवर कलतात, म्हणजे ती फ्लिप होऊन बसते. रिंकवर तिला थट्टेने 'फ्लट्झ' म्हणतात. चौदाव्या वर्षी ही सवय मोडणं फार कष्टाचं जातं, आणि चुकीच्या कडेची खूण गुणपत्रकावर वर्षानुवर्षं येत राहते.

गुणपत्रक वाचायला शिकाच. जुनी सहापैकी गुण देण्याची पद्धत २००२च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिकमधल्या परीक्षकांच्या घोटाळ्यानंतर मोठ्या स्पर्धांतून गेली. आता प्रत्येक घटकाला मूळ किंमत असते आणि केलं कसं यावर उणे ५ ते अधिक ५ अशी श्रेणी मिळते. अधिक ५ म्हणजे मूळ किमतीच्या निम्म्याची भर. गेल्या काही मोसमांचे दर बघा: दुहेरी लुट्झ २.१, दुहेरी अ‍ॅक्सेल ३.३, तिहेरी लुट्झ ५.९. आणि पाय बदलून केलेली, चौथ्या पातळीची संमिश्र गिरकी ३.५. म्हणजे जिच्यासाठी मुलं वर्षभर आपटतात त्या दुहेरी अ‍ॅक्सेलपेक्षा एका उत्तम गिरकीला जास्त गुण आहेत. त्यात उडीत फेरा अर्ध्याहून कमी पण पाव फेऱ्याहून जास्त अपुरा राहिला तर मूळ किंमत ८० टक्क्यांवर येते. पडलं तर सर्वांत खालची श्रेणी मिळते आणि वर आणखी एक गुण वजा होतो. लहान पातळ्यांवर कुठल्या गिरकीला किती पातळी मोजतात याचे नियम वेगळे आहेत, ते कोच सांगेल. पण दिशा तीच. गिरकीचा सराव थकल्यावरही करता येतो आणि त्याने गुडघे, कंबर उड्यांइतके झिजत नाहीत. सरावाच्या तासातली दहा मिनिटंही गिरक्यांना मिळत नसतील तर कोचला विचारा, का नाही?

मोठं उदाहरण हवं असेल तर अलीसा लिऊचं बघा. कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या रिंकवर पाचव्या वर्षी सुरुवात. २०१६मध्ये इंटरमीजिएटची राष्ट्रीय विजेती, २०१८मध्ये ज्युनिअरची आणि जानेवारी २०१९मध्ये डेट्रॉइटला थेट सीनिअरची, अवघ्या तेराव्या वर्षी. अमेरिकेची सर्वांत लहान महिला विजेती. इतकी लहानखुरी की विजेत्याच्या चौथऱ्यावर चढायला शेजारच्या दोघींनी हात दिला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये स्पर्धेत चौपट लुट्झ करणारी ती पहिली अमेरिकन महिला ठरली. २०२०मध्ये पुन्हा राष्ट्रीय विजेती. पण जागतिक सीनिअर स्पर्धेला वय पुरत नव्हतं, आणि पुरेपर्यंत शरीर बदललं. उंची वाढली, दुखापत झाली, मोठ्या उड्या हातातून गेल्या. २०२१च्या राष्ट्रीय स्पर्धेत चौथी. २०२२मध्ये ऑलिंपिकला सहावी, जागतिक स्पर्धेत ब्राँझ, आणि एप्रिलमध्ये, सोळाव्या वर्षी, तिने खेळ सोडल्याचं जाहीर केलं.

इथवरची गोष्ट अनेकींची आहे. पुढची मात्र विरळा. लिऊ कॉलेजात गेली, मैत्रिणींबरोबर एव्हरेस्टच्या बेस कॅम्पपर्यंत चालून आली, स्कीइंग करताना तिला पुन्हा त्या वेगाची ओढ वाटली आणि २०२४मध्ये ती परतली. अट एकच: संगीत, पोशाख, सरावाचा ताण, सगळ्यात शेवटचा शब्द तिचा. मार्च २०२५मध्ये बॉस्टनला, सलग तीन वर्षं जगज्जेती राहिलेल्या काओरी साकामोतोला मागे टाकून ती जगज्जेती झाली. अमेरिकन महिलेला हा मान २००६नंतर प्रथमच मिळाला. त्या कार्यक्रमात ना चौपट उडी होती ना तिहेरी अ‍ॅक्सेल. होतं ते स्वच्छ, वेगवान, मोकळं स्केटिंग. यातून "सोडा आणि परत या" असा उपाय कुणी काढू नये. बहुतेकजणी परत येत नाहीत. मला यातून दिसतं ते एवढंच: तेराव्या वर्षीच्या उड्या शरीर बदलताना गेल्या, आणि पाचव्या ते बाराव्या वर्षात पायांत मुरलेलं मूलभूत स्केटिंग दोन वर्षं बर्फापासून दूर राहूनही शिल्लक राहिलं.

तेव्हा वयात येतानाची दोन-तीन वर्षं सर्वांत सांभाळायची. त्या काळात आलेल्या उड्या जातात. ही घसरगुंडी नव्हे, हात-पाय लांब झाल्यावर हवेतल्या अर्ध्या-पाऊण सेकंदाचं गणितच नव्याने मांडावं लागतं. या दिवसांत उड्यांची संख्या कमी करा, जमिनीवरचा व्यायाम, बॅले, दोरीवरच्या उड्या चालू ठेवा. कंबरेच्या खालच्या भागात मागे वाकताना दुखणं, किंवा पायाच्या हाडावर एकाच बिंदूत दुखणं, हे तेल लावून आणि शेकून घालवायचं दुखणं नाही. ते हाडावर आलेल्या ताणाचं लक्षण असू शकतं, खेळाडूंच्या डॉक्टरकडे न्या.

आणि खाणं. या खेळात "हलकी असली की उडते" हे वाक्य कुठेतरी कानावर पडतंच. २०१४च्या सोची ऑलिंपिकमध्ये पंधराव्या वर्षी सांघिक सुवर्ण मिळवणाऱ्या युलिया लिपनित्स्कायाने अवघ्या तीन वर्षांत, खाण्याच्या विकारावर उपचार घेतल्यानंतर, खेळ सोडला. घरात मुलीच्या वजनावर बोलू नका, कौतुकानेही नाही. आजी-मावशांनाही सांगून ठेवा, कारण "किती बारीक झालीस गं" आणि "जरा भरलीस" ही दोन्ही वाक्यं आपल्याकडे कुशल विचारल्यासारखी येतात. पंधराव्या वर्षापर्यंत पाळी सुरू झाली नसेल, किंवा सुरू होऊन तीन महिने बंद राहिली असेल, तर "खेळाडूंचं असंच असतं" म्हणून सोडून न देता डॉक्टरांना दाखवा. शाकाहारी घरात लोह, बी-१२ आणि ड जीवनसत्त्व वर्षातून एकदा तपासून घ्यावं. पहाटे गाडीत खायला आपल्याकडे उत्तम गोष्टी आहेत: तूप-गुळाची पोळीची गुंडाळी, शेंगदाण्याचा लाडू, केळं. सरावानंतर अंडी किंवा उसळ-पोळी, दही-भात. प्रोटीनच्या डब्यांची या वयात गरज नसते.

डब्यांवरून औषधांकडे येते, कारण भारतात जाऊन येणाऱ्या घरांना इथे खरा धोका आहे. मुलगी उत्तेजक चाचणी होऊ शकते अशा पातळीवर पोचली की बॅगेतून आणलेली कुठलीही बाटली डोळे झाकून द्यायची नाही. भारतात मिळणाऱ्या खोकल्याच्या अनेक औषधांत टर्ब्युटालिन असतं, आणि ते बंदी असलेल्या द्रव्यांत मोडतं. सर्दीच्या काही गोळ्यांतलं स्यूडोएफेड्रिन स्पर्धेच्या काळात अडचणीत आणू शकतं. चूर्णं, अवलेह, ताकदीची पावडर यांत नेमकं काय आहे हे लेबलवरून कळेलच असं नाही. औषधाचं नाव न शोधता त्यातलं द्रव्य शोधा, आणि शंका असेल तर देऊ नका.

रिंकवर तुमची जागा बाकावर. काठावर उभं राहून "गुडघा वाक, हात वर" असं मराठीत सांगितलं तरी कोचला ते कळतं, आणि मुलीला दोन मालक होतात. ज्या मुलीचं संगीत वाजतंय तिला वाट द्यायची, पडल्यावर लगेच उठायचं, कोपऱ्यात लुट्झ घेणाऱ्यांच्या मध्ये जायचं नाही, हे शिष्टाचार तिला आधी शिकवा. मात्र एका बाबतीत नजर सोडू नका. अमेरिकेत 'सेफस्पोर्ट'चे नियम स्पष्ट आहेत: प्रौढ व्यक्ती आणि मूल एकटे असतील तर ते इतरांना दिसेल आणि कुणालाही मध्ये येता येईल अशाच ठिकाणी, आणि कोचचे मेसेज मुलीला एकटीला न येता त्यात पालकही असले पाहिजेत. हे मागायला संकोच वाटू देऊ नका. "कोच म्हणजे गुरू" ही आपली भावना छान आहे, पण ती या नियमांच्या आड येता कामा नये.

संगीत निवडताना मुलीला विचारा, हे लिऊच्या गोष्टीवरून सुचलं असेलच. हिंदी-मराठी गाणं चालेल का, असं पुष्कळजण विचारतात. चालतं. एकेरी प्रकारात शब्द असलेलं संगीत २०१४-१५पासून चालतं. त्याआधीच, २०१०च्या व्हँकुव्हर ऑलिंपिकमध्ये मेरिल डेव्हिस आणि चार्ली व्हाइट यांनी आइस डान्समध्ये 'कजरा रे' आणि 'डोला रे'वर नाचून दाखवलं आणि रौप्यपदक नेलं. मोठ्या स्पर्धांसाठी वापराचे हक्क आधी तपासून घ्या म्हणजे झालं.

महाराष्ट्रातल्या वाचकांना एवढंच सांगते: बर्फ नसला तरी सुरुवात अडत नाही. चाकांवरच्या आर्टिस्टिक स्केटिंगमध्ये अ‍ॅक्सेल, लुट्झ, फ्लिप याच नावांनी त्याच उड्या आहेत, कडाही आहेत. बर्फासाठी मात्र उत्तरेकडे जावं लागतं. देहरादूनला २०११च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी बांधलेलं हिमाद्री रिंक बरीच वर्षं बंद राहून २०२५मध्ये पुन्हा सुरू झालं. परदेशात वाढलेल्या मुलीला भारताकडून खेळवायचं मनात असेल तर नागरिकत्वाचा प्रश्न आधी सोडवा. ओसीआय कार्ड म्हणजे नागरिकत्व नव्हे, आणि भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. अमेरिकेत जन्मलेल्या तारा प्रसादने भारताचं नागरिकत्व घेतलं, मग ती भारताची राष्ट्रीय विजेती झाली. हा निर्णय सोळा वर्षांच्या मुलीच्या पुढच्या शिक्षणावर, व्हिसावर परिणाम करतो, तेव्हा एका मोसमाच्या उत्साहात घेऊ नका.

बहुतेक मुली राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत जात नाहीत, आणि दर वसंतात, मोसम संपल्यावर, पुढचं वर्ष करायचं का हे मुलीला मोकळेपणाने विचारलं पाहिजे. नको म्हणाली तर बर्फ सोडायलाच हवा असं नाही. कमी कठीण उड्यांच्या 'एक्सेल' स्पर्धा आहेत, सोळा जणींनी एकत्र करायचं सिंक्रोनाइज्ड स्केटिंग आहे, उड्या नको असणाऱ्यांसाठी आइस डान्स आहे, कॉलेजांचे संघ आहेत. गोल्ड टेस्ट पुरी करायला स्पर्धा खेळावी लागत नाही, आणि ती कॉलेजच्या अर्जात लिहिता येते. शिवाय बऱ्याच रिंकवर छोट्यांच्या वर्गाला मदतनीस लागतात. चौदा-पंधराच्या मुलींना तिथे घेतात, काही ठिकाणी त्याबदल्यात बर्फाचा वेळही देतात. चौकशी ऑगस्टमध्येच करा, जागा लवकर भरतात.